मंगळवारचं पाणी

मोटारीच्या टपावरून पोती खाली टाकता टाकता क्लीनर सहज बोलून गेला, "मार्गासनीत पटकी लागलीया. मंगळवारचा बाजार करून गेलेली सावळारामाची पोर पडली म्हनं," आणि खुर्शिदाची सुरी कलिंगडात अर्ध्यावरच थांबली. समोर गिऱ्हाईक उभं होतं, नसरापूरकडचा कुणी पागोटेवाला, घामानं निथळलेला. त्यानं हात पुढं केला होता. तिनं सुरी खाली ओढली, फोड काढली, तिखटमीठ भुरभुरलं आणि पळसाच्या पानावर ठेवून त्याच्या हातात दिली. तो खायला लागला. लाल पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, ते त्यानं जिभेनं टिपलं. खुर्शिदा त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. तिला वाटलं, ती फोड हिसकावून घ्यावी. पण आजचं पाणी विहिरीचं होतं. आजचं चांगलं होतं. हे तिनं मनात दोनदा म्हटलं, आणि दुसऱ्यांदा म्हणताना तिच्या लक्षात आलं की 'आजचं' या शब्दावर आपण जोर देतोय.

भोरच्या मोटार अड्ड्यावर, चिंचेच्या सावलीत, ती गेली सहा वर्षं बसत होती. नवरा गेला त्या साली पोट भरायला म्हणून बसली ती बसलीच. एकुलती एक शमीम लग्न होऊन शिरवळला गेल्यावर घरात बोलायलाही कुणी उरलं नाही, मग अड्डा हेच घर झालं. फळाचं ज्ञान तिला बापाकडून मिळालेलं. कलिंगड कानाशी धरून टिचकी मारायची. आवाज ठणठणीत आला तर कच्चं, बद्द आला तर उतरलेलं, आणि मधला, रिकाम्या डेऱ्यातून यावा तसा आला की ते घ्यायचं. वाळूवर टेकलेला डाग पांढरा असेल तर सोडून द्यायचं, लोण्यासारखा पिवळा असेल तर उचलायचं. पहाटे नीरेच्या पात्रातल्या वाडीतून माल आणायचा, सावलीत ओल्या वाळूत पुरून ठेवायचा, एका वेळी एकच फोडायचं. फोडी परातीत मांडायच्या, त्यांवर मलमलचा ओला फडका, हातात माश्या वारायला लिंबाची डहाळी. फडका वाळला की फोडी मलूल पडतात, आणि मलूल फोडीकडं उन्हातून आलेला माणूस बघतसुद्धा नाही. म्हणून दर थोड्या वेळानं पाण्याचा हबका मारायचा. गिऱ्हाईक जास्त असलं तर अख्खी फोडच गाडग्यातल्या पाण्यात बुचकळून काढायची. मग ती अशी चमकते की लहान पोर आईचा पदर सोडून धावत येतं.

त्या मंगळवारी पोर तशीच धावत आली होती. खुर्शिदाला सगळं दिसत होतं, आणि नको तितकं स्पष्ट दिसत होतं. बाजार फुललेला, वैशाखाचं ऊन, दुपारपर्यंत घागर तळाला गेलेली. वेशीजवळच्या विहिरीवर जायचं म्हणजे जाऊन-येऊन अर्धा तास, शिवाय रहाटावर बायकांची रांग. शेजारी बाळाबाई करवंदांची पाटी घेऊन बसली होती. बाळाबाई म्हणजे मूळची पासलीची, डोंगरातली म्हातारी. नवरा गेल्यावर भोरला नदीपल्याडच्या झोपड्यांत येऊन राहिलेली. उन्हाळ्यात करवंदं, मग जांभळं, मग रानभाज्या. "बाळाबाय, वाईच माझ्या परातीकडं बघ. हिरीवर जाऊन येते," असं खुर्शिदा म्हणाली होती आणि घागर कमरेवर घेऊन निघाली होती. निघताना तिच्या मनात विहीरच होती, याची ती आता अल्लाची शपथ घेऊ शकली असती. पण अड्ड्यामागून नदीचा उतार लागतो, आणि पाय तिकडं वळले. नदी आटून डोहाडोहांत तुटली होती. वरच्या अंगाला बैल उभे होते. पाण्यावर हिरवी साय आली होती, ती तिनं तळव्यानं बाजूला सारली आणि घागर बुडवली. घागरीतलं पाणी नितळ दिसलं. नितळ दिसलं म्हणून बरं वाटलं. परत येऊन तिनं फडका भिजवला, गाडगं भरलं, आणि पहिलीच फोड बुचकळून वर काढली तेवढ्यात सावळारामाच्या हाताला हिसडा देऊन ती पोर आली. ठकू. पाच-सहा वर्षांची, केसांत धूळ, नाकात चमकी. सावळाराम दर दोन-तीन बाजारांना अड्ड्यावर टेकायचा, म्हणून ओळखीचा. पोर मात्र पहिल्यांदाच दिसली. एक फोड खाऊन झाली तरी ती सालीचा पांढरा भाग दातांनी खरवडत बसली, तेव्हा खुर्शिदानं हसून दुसरी दिली. तशीच, बुचकळून. "घे माजे बाय." पैसे न घेता. आता तिला ती दुसरी फोडच छळत होती. पहिली पोरीनं मागितली होती. दुसरी आपण होऊन दिली.

तिनं स्वतःला समजावलं की त्या संध्याकाळी उरलेल्या फोडी आपणही खाल्ल्या होत्या. पोट चाचपून पाहिलं, काही नव्हतं. मंगळवार, बुधवार, गुरुवार, आज शुक्रवार. पाण्यात काही असतं तर आपण नसतो का पडलो? हा विचार तिला धरायला मिळाला, तो तिनं घट्ट धरला, आणि जेमतेम एक मोटार येऊन जाईपर्यंत तो टिकला. मग आठवलं की संध्याकाळचं कलिंगड नवं फोडलेलं होतं; ते बुचकळलंच नव्हतं. की बुचकळलं होतं? ती आठवायला लागली तसं उलट धूसरच होत गेलं. गाडगं संध्याकाळी पालथं घातलं होतं का? घातलं असेल. पण मग बुधवारी सकाळी त्यात पाणी होतं असं का आठवतंय?

दुपारी नगरपालिकेचा शिपाई चिमाजी आला, बरोबर दवंडीवाला. तालुक्यात पटकीची साथ आहे. चिरलेलं फळ, उघडं सरबत, शिळं अन्न विकायला बंदी. विहिरींत लाल औषध टाकलं आहे, पाणी गुलाबी दिसलं तरी प्यावं. चिमाजी वाईट माणूस नव्हता. खुर्शिदाकडून कितीदा तरी त्यानं फोड खाल्ली होती. आज मात्र त्याच्या काखेत वही होती, आणि वही असली की माणसाचा आवाज बदलतो.

"मार्गासनीचा सावळाराम मंगळवारी हितं टेकला व्हता," तो म्हणाला. "पोरीनं हितं खाल्लं, आसं मोटारवाले सांगत्यात. काय खाल्लं?"

"कलिंगाड," खुर्शिदा म्हणाली.

"आन करवंदं," बाळाबाई पाटीमागून बोलली. तिला कुणी विचारलंही नव्हतं. "म्या दिली. द्रोणभर."

"पानी कुठलं वापरता?" चिमाजीनं आधी खुर्शिदाला विचारलं.

खुर्शिदाला त्या क्षणी बाप दिसला. ती आठ वर्षांची असतानाची साथ. कुणीतरी म्हणालं, बागवानाच्या पपईनं माणूस मेला. खरं-खोटं कुणी पाहिलं नाही. दाराला आतून अडसर घालून बाप महिनाभर घरात बसला होता, आणि ओसरीवरच्या अढीतली फळं एकेक करून फुटत होती. तो गोड, आंबूस, पुढंपुढं मेल्यासारखा वास सगळ्या घरात भरला होता. बाहेरून दारावर दगड यायचे. आई म्हणायची, बाहेर जाऊन सांगा तरी, आपलं पाणी चांगलं होतं. बाप म्हणायचा, आता काय सांगून? बापाचं पाणी कुठलं होतं हे मात्र त्यानं घरातही कधी सांगितलं नाही. हा प्रश्न खुर्शिदाला आयुष्यात पहिल्यांदा आज पडला, चिमाजीची पेन्सिल वहीवर टेकलेली असताना.

"हिरीचं," ती म्हणाली. "येशीच्या हिरीचं."

शब्द फार सोपा निघाला. चिमाजीनं लिहून घेतलं. मग तो बाळाबाईकडं वळला.

"वढ्याचं," बाळाबाई म्हणाली. "करवंदं वढ्यावर धुती म्या. धुळीची तशीच कशी देऊ? पह्यल्यापासनं तशीच धुती."

"वढ्याचं?" चिमाजी थबकला. त्याला बहुधा तिनंही 'विहिरीचं' म्हणावं असं वाटत असावं. "म्हातारे, नीट सांग."

"नीटच सांगतीय की."

बाळाबाईनं तेव्हा एकदाच मान वळवून खुर्शिदाकडं पाहिलं. काही मागणारी नजर नव्हती ती, दोष देणारीही नव्हती. नुसतं पाहिलं. मग ती परत चिमाजीकडं बघायला लागली. भोवती माणसं जमली होतीच. कुणीतरी म्हणालं, हिच्याच करवंदांनी पोर पडली. दुसऱ्यानं पाटी उचलली आणि उतारावर नेऊन पालथी केली. काळी करवंदं दगडांवरून टपटपत खाली गेली. चिमाजी "आरं, हात लावू नका" म्हणाला, पण हळू म्हणाला. साथ सरेपर्यंत बाळाबाईनं बाजारात बसायचं नाही, असं त्यानं वहीत लिहिलं. खुर्शिदाला अख्खी फळं विकायची मोकळीक मिळाली. बाळाबाई उठली, रिकामी पाटी झटकली, डोक्यावर उपडी ठेवली आणि निघाली. खुर्शिदाच्या जिभेवर काहीतरी आलं होतं. आलं आणि तिथंच राहिलं, जसं बोराचं साल टाळ्याला चिकटून राहतं.

शनिवारी ती अख्खी कलिंगडं मांडून बसली. टिचकी मारायची ती मारीनाच. बोटं कलिंगडावर टेकवून बसून राहायची. शेजारची जागा मोकळी होती. तिथं मातीत बाळाबाईच्या बसण्याचा एक गुळगुळीत खळगा पडला होता, त्यावरून एक कुत्रं हुंगत गेलं. दर मोटारीला ती क्लीनरला विचारायची, "मार्गासनीचं काय कळलं?" तो म्हणायचा, "दोन गेले म्हनं." कोण? ते त्याला माहीत नसायचं. दोन. त्यांत एक लहान असेल का? ती मनातल्या मनात पोरीला उठवून बसवायची, पेज पाजायची; पोर प्यायची आणि मग तिच्या ओठांवरून पेजेऐवजी लाल पाणी ओघळायचं. खुर्शिदा दचकून पदरानं स्वतःचंच तोंड पुसायची. संध्याकाळपर्यंत तिला एवढंच कळलं की कळल्याशिवाय आपल्याला बसता येणार नाही. पोर जगली असेल तर ते कळायला हवं. मेली असेल तरीही.

रविवारी सकाळच्या मोटारीनं ती नसरापूरला उतरली आणि मार्गासनीच्या वाटेला लागली. तीन कोसांची वाट. एरवी या रस्त्याला बैलगाड्यांची वर्दळ असते. आज एक गाडी दिसली, तीही उलट दिशेनं, बायकापोरं नि भांडीकुंडी भरून. गाडीवानानं तिला पाहून नुसताच हात हलवला, जाऊ नको असा. ऊन चढत गेलं. भाताच्या खाचरांत पालापाचोळ्याचा राब भाजल्याच्या काळ्या राखेचे चौकोन पडले होते. चालताना तिला वाटत होतं, आपण काय विचारणार? 'तुझी पोर मेली का?' असं विचारता येतं? आणि मेली असं तो म्हणाला तर पुढं काय? 'मी मारली' असं? की 'वाईट झालं' म्हणून डोळ्याला पदर लावायचा आणि माघारी फिरायचं? दुसरं आपल्याला जमेल, याचीच तिला भीती वाटली. शुक्रवारी किती सहज जमलं होतं.

गावाच्या शिवेवर वाटेत बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या. अलीकडं थांबून तिनं हाळी दिली. बऱ्याच वेळानं एक म्हातारा आला. तिनं सावळारामाचं नाव सांगितलं. तो गेला. मग सावळाराम आला. त्याचं डोकं तासलेलं होतं. खुर्शिदानं बांधाचा दगड धरला.

"कोन? भोरच्या भाबी?" तो फांद्यांच्या पलीकडून म्हणाला. "तुमी हितं कशापायी आलासा?"

"ठकू," एवढंच तिला बोलता आलं.

"हाय. हाय ठकू. बिस्तरवारी पडली, लई वाईट व्हतं. कालपासनं पेज घेतीया. आता उलटी न्हाई, काय न्हाई." तो डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "हे आईचं. माजी आय गेली."

खुर्शिदाला रडू आलं आणि ते कुणासाठी आलं ते तिचं तिला कळेना. मग तिनं सांगितलं. सगळं. घागर, नदीचा उतार, बैल, हिरवी साय, दोन फोडी. "दुसरी म्या आपनहून दिली," ती म्हणाली. "तुमी मागितली नव्हती."

सावळारामानं ऐकून घेतलं. एकदा मागं वळून गावाकडं पाहिलं, मग फांदीच्या अगदी जवळ आला आणि आवाज खाली आणला.

"भाबी, आय सोमवारी रातीच पडली व्हती. म्या मंगळवारी भोरला आलो ते बाजार करायला न्हवं. वैद्याकडनं औशीद न्यायला. पोरीला घरात कशी ठिवायची म्हनून संगं घेतली. घरात पटकी हाय म्हनलं असतं तर मोटारीत कोन घेतलं असतं? आन वैद्यानं तरी दारात उभं केलं असतं का?" त्यानं ओठ चाटले. "कुनाला सांगू नका. लोक म्हनतील, ह्यानंच भोरला पटकी नेली."

परतीच्या वाटेवर तिला हलकं वाटलं. इतकं हलकं की अर्ध्या कोसावर एका आंब्याखाली ती बसली, फडक्यातली भाकरी सोडली आणि तीन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली. पोर जगली होती. आजार घरातला होता. आपल्या पाण्यानं काही झालं नव्हतं, किंवा झालं असलं तरी ते आता कुणालाच, कधीच कळणार नव्हतं. पुढचा तुकडा मोडता मोडता मात्र ती थांबली. कारण शुक्रवारी दुपारी चिमाजीनं विचारलं तेव्हा यातलं काहीच तिला ठाऊक नव्हतं. तेव्हा ती पोर आपल्याच पाण्यानं मरते आहे असं समजूनच ती 'हिरीचं' म्हणाली होती. म्हातारीची पाटी पालथी होताना ती तसंच समजून बघत बसली होती. पोर जगली म्हणून ते पुसलं जात नव्हतं. इतके दिवस ती ज्याला भीत होती ते घडलंच नव्हतं, आणि जे घडलं होतं त्याची भीती बाळगायचं तिला सुचलंच नव्हतं. तिनं उरलेली भाकरी परत बांधली.

सोमवारी सकाळी ती नगरपालिकेच्या ओट्यावर जाऊन उभी राहिली. चिमाजी तंबाखू मळत होता.

"माजं पानी मंगळवारी नदीचं व्हतं," ती म्हणाली. "वहीत म्या खोटं लिव्हायला लावलं. ते खोडा. आन बाळाबायची बंदी काढा." सावळारामाचं नाव तिनं घेतलं नाही.

चिमाजीनं इकडं तिकडं पाहिलं. "येडी का खुळी तू? वही वर गेली. सायबानं बघून सही केली. आता खोडायचं म्हंजी मला इचारतील, आदी काय झोपला व्हतास का? साथ सरत आली, दोन आठवड्यांत समदं मोकळं हुईल. जा, माल इक तुजा."

"मंजी बाळाबायच्या नावावर तसंच ऱ्हानार?"

"म्हातारीचं नाव कोन वाचतंय?"

ती तिथून निघाली ती थेट नदी ओलांडून पल्याडच्या झोपड्यांकडं. वाळू तापली होती. बाळाबाई दारात पाय पसरून सुपात तांदळातले खडे निवडत होती. बाजूला एक गाठोडं बांधून तयार होतं, त्यावर ती पाटी उपडी. खुर्शिदा उभी राहिली. बाळाबाईनं मान वर केली, पुन्हा खाली घातली.

"बाळाबाय, त्या दिवशी म्या हिरीवर गेले नव्हते."

"ठाव हाय," बाळाबाई म्हणाली. "येशीच्या हिरीवरनं इतक्या बिगीनं कोन येतं? आन घागरीला शेवाळ लागलं व्हतं."

खुर्शिदाचे कान तापले. चार दिवस जे ती उरात दाबून फिरत होती ते या बाईला पहिल्यापासून माहीत होतं. शिपाई वही उघडून उभा होता तेव्हा माहीत होतं. पाटी उतारावर गेली तेव्हाही.

"मग बोलली का न्हाईस?"

"म्या काय बोलू?" बाळाबाईनं एक खडा चिमटीत धरून उजेडाकडं केला आणि अंगणात फेकला. "वढ्याचं पानी माजं व्हतं, ते म्या सांगितलं. नदीचं तुजं व्हतं. ते तू सांगायचं."

"आज सांगून आले. त्यानं लिहून घेतलं न्हाई."

सूप बाळाबाईनं एकदा हलवलं. तांदूळ सरकले, खडे एका कडेला गोळा झाले.

"गाठोडं कशाचं?" खुर्शिदानं विचारलं, जरी तिला उत्तर कळलं होतं.

"उद्याच्याला पासलीला चाललीय. भावाकडं. म्होरं भाताची आवनी येईल, त्येला दोन हात हुतील."

"परत कवा?"

"आता काय परत." हे तिनं कडवटपणे म्हटलं नाही. हवापाण्याचं बोलावं तसं म्हटलं. "हितं म्या पटकीवाली झाले. जांभळं आनली तरी कोन घील? पोरं नावं ठिवत्यात. काल एकानं धोंडा मारला."

'धोंडा' म्हणताना तिनं पोटरीवरचं लुगडं थोडं वर केलं, पुन्हा खाली सारलं. तेवढ्यात खुर्शिदाला तो निळसर डाग दिसला. लहानपणी दारावर आपटलेल्या दगडांचे आवाज तिला आठवत होते. दगड कुणाला लागलेला तिनं कधी पाहिला नव्हता. ती खाली बसली, दारातल्या उन्हात, सुपापासून हातभर अंतरावर. माफी असा शब्द तिच्या मनात होता, पण तो उच्चारला तर बाळाबाईला त्याचं काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तेवढाही भार या म्हातारीवर घालायचा आपल्याला अधिकार नाही, असं तिला वाटलं.

"ठकू जगली," ती शेवटी म्हणाली. "म्या काल जाऊन आले. पेज घेतीया."

बाळाबाईचे हात थांबले. मग तिनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं, एका डोळ्याला, मग दुसऱ्याला, नीट, घाई न करता.

"बरं झालं," ती म्हणाली. "लई ग्वाड पोर. करवंदं खाऊन हात माज्याच लुगड्याला पुसलं तिनं."

ऊन सुपावर आलं. बाळाबाईनं सूप सावलीत ओढलं.

"उद्या बाजार हाय," ती म्हणाली. "वाडीतनं माल आनायचा आसंल तुला. जा."

खुर्शिदा उठली नाही.